डीएनए आणि आरएनए: पेशीला दोन न्यूक्लिक आम्ले कशासाठी लागतात?

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडील बहुतेक मुले ‘नीट’ची तयारी करत असल्याने डीएनए आणि आरएनए यांच्यातील फरकांचा तक्ता त्यांना तोंडपाठ असतो. डीएनएमध्ये डीऑक्सिरायबोज शर्करा, आरएनएमध्ये रायबोज. डीएनएमध्ये थायमिन, आरएनएमध्ये युरॅसिल. एक दुपेडी, दुसरे एकपेडी. गुण मिळवायला एवढे पुरते. मात्र बारावीतील एका मुलीने त्या तक्त्यावरच बोट ठेवून विचारले की, दोन्ही रेणूंमध्ये फॉस्फेट, शर्करा आणि नत्रयुक्त आम्लारी (ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन किंवा युरॅसिल, म्हणजे जनुकीय मजकुराची अक्षरे) अशीच मांडणी असेल, आणि ॲडेनिनशी थायमिनप्रमाणे युरॅसिलही दोन हायड्रोजन बंधांनीच जुळत असेल, तर इतक्या किरकोळ फरकाचे दोन रेणू बाळगण्याचा खटाटोप पेशी का करते? एकाच रेणूने दोन्ही कामे का होऊ नयेत?

वर्गात मी नेहमी तहसील कार्यालयातील मूळ नोंद आणि तिची नक्कल हे उदाहरण देते. डीएनए म्हणजे मूळ नोंद, आरएनए म्हणजे तिची नक्कल. मूळ कागद अभिलेख कक्षातून हलत नाही, बाहेरचे सारे काम नकलेवर चालते, हे आमच्या मुलांना लगेच पटते, कारण प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी नकलेसाठी रांगेत उभे राहिलेले असते. परंतु नक्कल निराळ्याच कागदावर का काढावी लागते, याचे उत्तर त्या उदाहरणात नाही. जाणकारांनी रसायनशास्त्राच्या अंगाने सांगितले तर उपकार होतील, कारण ‘उत्क्रांतीत तसे घडले’ एवढ्यावर ही मुलगी गप्प बसणाऱ्यांपैकी नाही.

गोदातीर (नांदेड)

ताई, मी आयुष्यभर सेंद्रिय रसायन शिकवले असल्याने त्याच बाजूने लिहितो. आपण ज्याला किरकोळ फरक म्हणता ते दोन फरक आहेत, आणि दोन्हींची कारणे स्वतंत्र आहेत. आधी शर्करेचा फरक घेऊ.

रायबोजच्या दुसऱ्या कार्बनावर हायड्रॉक्सिल (ओएच) गट असतो. डीऑक्सिरायबोजमध्ये त्या जागी नुसता हायड्रोजन असतो. म्हणजे फरक एका ऑक्सिजन अणूचा. न्यूक्लिक आम्लाच्या साखळीत एका शर्करेचा तिसरा कार्बन आणि पुढच्या शर्करेचा पाचवा कार्बन यांना फॉस्फेट जोडतो, त्यामुळे आरएनएमधील हा हायड्रॉक्सिल गट प्रत्येक जोडाच्या अगदी शेजारी येतो. अनुकूल परिस्थिती मिळाली की त्यातील ऑक्सिजन शेजारच्या फॉस्फरसवर हल्ला करतो, फॉस्फेट त्याच शर्करेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनांना धरून कडे करतो आणि पुढची साखळी सुटून जाते. थोडक्यात, आरएनएला तोडणारा घटक त्याच्या प्रत्येक कडीत आधीपासूनच बसवलेला आहे. सौम्य अल्कलीच्या द्रावणात आरएनएचे तुकडे होत होत शेवटी सुटे न्यूक्लिओटाइड (एक शर्करा, एक आम्लारी आणि फॉस्फेट मिळून झालेली साखळीची एकेक कडी) उरतात. त्याच द्रावणात डीएनएचे दोन पेड एकमेकांपासून सुटतात खरे, पण प्रत्येक पेड अखंड राहतो. डीएनए किती टिकू शकतो याचा एक दाखला २०२२ साली प्रसिद्ध झाला: उत्तर ग्रीनलँडच्या गोठलेल्या गाळातून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या वनस्पती व प्राण्यांच्या डीएनएचे तुकडे वाचता आले. अर्थात थंडी आणि खनिजकणांचा आधार नसता तर ते उरले नसते. डीएनएही अमर नाही.

माणसाच्या जनुकसंचाच्या (जीनोमच्या) एका संचात सुमारे ३१० कोटी आम्लारी-जोड्या असतात आणि शरीरातील बहुतेक पेशींत असे दोन संच असतात. लगतच्या दोन जोड्यांमधील अंतर ०.३४ नॅनोमीटर धरले तर एका पेशीतील डीएनएची एकूण लांबी २ मीटरच्या आसपास भरते. ती हिस्टोन प्रथिनांच्या गुंडाळ्यांवर, दर गुंडाळीला १४७ जोड्या याप्रमाणे लपेटून काही मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात बसवलेली असते. एवढा लांब धागा प्रत्येक जोडापाशी स्वतःहून तुटू शकणारा असता, तर त्याची पुढची प्रत काढण्याइतकाही अवधी पेशीला मिळाला नसता.

आता थायमिनचा प्रश्न, जो माझ्या मते अधिक रंजक आहे आणि क्रमिक पुस्तके ज्याच्यावर एक ओळही खर्च करत नाहीत. थायमिन म्हणजे पाचव्या कार्बनावर मिथिल गट (एक कार्बन व तीन हायड्रोजन) चढवलेले युरॅसिल, दुसरे काही नाही. जोडी जुळवण्याच्या कामी त्या मिथिल गटाचा काही उपयोग नाही, हे आपल्या विद्यार्थिनीने बरोबर हेरले आहे. उपयोग ओळख पटवण्यासाठी आहे. सायटोसिनला पाण्याच्या सान्निध्यात एक खोड असते: त्याचा अमिनो गट अधूनमधून गळतो, आणि तो गळाला की सायटोसिनचे युरॅसिल होते. माणसाच्या एका पेशीत दिवसाला शंभराच्या घरात अशा घटना घडतात असा अंदाज आहे. सायटोसिनची जोडी ग्वानिनशी असते, पण युरॅसिल ॲडेनिनशी जुळते. म्हणून दुरुस्ती न होता प्रत निघाली तर त्या ठिकाणचा मजकूर कायमचा बदलतो. डीएनएमध्ये युरॅसिल हा नेहमीचाच घटक असता तर मुळात असलेले युरॅसिल कोणते आणि सायटोसिन बिघडून झालेले कोणते, हे दुरुस्ती करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ओळखता आले नसते. थायमिन वापरल्यामुळे नियम सोपा झाला: डीएनएमध्ये युरॅसिल दिसले की ते चुकीचे, ते कापून काढायचे आणि समोरच्या पेडावरील ग्वानिन पाहून तेथे पुन्हा सायटोसिन बसवायचे. हे युरॅसिल कापणारे विकर टोमास लिंडाल यांनी १९७४ साली शोधले. डीएनए दुरुस्तीवरील कामासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ संकार यांच्यासमवेत मिळाले.

हे स्पष्टीकरण खरे असेल तर त्याची एक परीक्षा घेता येते, आणि ती निसर्गानेच घेऊन ठेवली आहे. आपल्या डीएनएमधील काही सायटोसिनांवर पेशी स्वतः मिथिल गट चढवते. जनुके बंद ठेवण्याच्या कामात त्यांचा उपयोग होतो. अशा मिथिलयुक्त सायटोसिनचा अमिनो गट गळाला तर युरॅसिल होत नाही, थेट थायमिनच होते, आणि थायमिन तर डीएनएचा वैध घटक. येथे ओळख पटवणे अवघड जाते. परिणाम असा की मानवी डीएनएमध्ये ज्या ठिकाणी सायटोसिनच्या लगेच पुढे ग्वानिन येते आणि हे मिथिलीकरण प्रामुख्याने होते, तीच ठिकाणे उत्परिवर्तनाची ठळक केंद्रे आहेत, आणि लाखो वर्षांत अशा जागा अपेक्षेपेक्षा फार कमी उरल्या आहेत.

अपवादही सांगून ठेवतो, म्हणजे मुलीने शोधून काढला तर अडचण नको. बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूवर वाढणाऱ्या पीबीएस-१ आणि पीबीएस-२ या विषाणूंच्या डीएनएमध्ये थायमिनऐवजी युरॅसिलच असते. मात्र यजमान पेशीचे युरॅसिल कापणारे विकर त्यांना लगेच फस्त करील, म्हणून हे विषाणू त्या विकराला जखडून ठेवणारे प्रथिन स्वतः तयार करतात.

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

सर, मनापासून आभार. मिथिलयुक्त सायटोसिनचा मुद्दा उद्याच वर्गात मांडणार आहे. तरी प्रश्नाची दुसरी बाजू उरते. डीएनए इतका टिकाऊ आहे आणि त्यातील चुकांची दुरुस्तीही होते, तर संदेश नेण्याचे आणि प्रथिने घडवण्याचे कामही त्यानेच का करू नये? आरएनए इतका नाजूक असूनही पेशीने त्याला कामावरून काढून का टाकले नाही?

दुधना (परभणी)

ताई, मी परभणीला कृषी विद्यापीठात वनस्पती जैवतंत्रज्ञानाचा संशोधक विद्यार्थी आहे. गोदातीर सरांनी टिकाऊपणाची बाजू पूर्ण केली आहे, मी नाजूकपणाची मांडतो, कारण पेशीच्या दृष्टीने तो दोष नाही.

डीएनएवरील प्रथिनाची कृती रायबोसोमपर्यंत (प्रथिने घडवणाऱ्या यंत्रापर्यंत) नेणारा संदेशवाहक आरएनए नष्ट होतो म्हणूनच पेशीला प्रथिनांचे उत्पादन थांबवता येते. जीवाणूंमध्ये असा एक संदेश साधारणपणे काही मिनिटे टिकतो, आपल्या पेशींमध्ये बहुधा काही तास. ज्वारीच्या झाडाला पाण्याचा ताण पडला की काही जनुकांचे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनएची प्रत काढणे) वाढते, पाऊस आला की घटते. आधी काढलेले संदेश वर्षभर टिकून राहिले असते तर पाऊस पडून गेल्यावरही रोपटे दुष्काळाचीच प्रथिने घडवत बसले असते. संदेशात एखादी चूक झाली तरी तो संदेश आणि त्यावरून घडलेली मोजकी प्रथिने वाया जातात, बियाण्यात ती चूक उतरत नाही. त्यामुळे त्यात युरॅसिल चालते, मिथिल गटाचा खर्च करण्याची गरज नसते.

चुकांचे प्रमाणही पाहावे. प्रतिलेखन करणारे विकर दहा हजार ते एक लाख आम्लारींमागे एक चूक करते. डीएनएची प्रत काढताना मात्र लगेच तपासणी होते आणि नंतर जोड्या न जुळलेल्या जागांची दुरुस्तीही होते. या सगळ्यानंतर उरणारी चूक शंभर कोटींमागे एक किंवा त्याहून कमी असते. ज्यांचा जनुकसंच आरएनएचा आहे ते विषाणू म्हणूनच आकाराने आटोपशीर राहतात. तुरीच्या वांझ रोगाचा, कोळी ज्याचा प्रसार करतात तो विषाणू आरएनएचाच आहे. मोठ्यांत मोठ्या आरएनए जनुकसंचांपैकी एक कोरोना विषाणूंचा, आणि तोही ३० हजार न्यूक्लिओटाइडांच्या आसपास थांबतो. तेवढ्यासाठीसुद्धा त्यांना चूक काढून टाकणारे जादा विकर बाळगावे लागते. ३१० कोटी अक्षरांचा मजकूर आरएनएवर लिहिणे या हिशेबात बसतच नाही.

आता तहसीलच्या नकलेबद्दल, कारण माझा खरा आक्षेप तेथे आहे. ते उदाहरण संदेशवाहक आरएनएपुरते ठीक आहे, परंतु पेशीतील एकूण आरएनएमध्ये संदेशवाहकाचा वाटा काही टक्क्यांचाच असतो. सुमारे ८० टक्के आरएनए रायबोसोममध्ये असतो आणि उरलेल्यात बराच भाग अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या टीआरएनएचा. हे दोन्ही कशाचीही नक्कल म्हणून वाचले जात नाहीत; ते स्वतः काम करतात. टीआरएनएची साखळी ७५ ते ९० न्यूक्लिओटाइडांची. एकच पेड असल्याने तो स्वतःवरच वळतो, त्याचे काही भाग आपापसांत जोड्या जुळवतात आणि इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा निश्चित आकार तयार होतो. एका टोकाला तीन अक्षरांचा संकेत ओळखणारा भाग आणि दुसऱ्या टोकाला त्या संकेताचे अमिनो आम्ल. डीएनएचे दोन पेड एकमेकांत गुंतलेले असल्याने त्याला असे आकार घेण्याची मोकळीक पेशीत क्वचितच मिळते. शिवाय जो हायड्रॉक्सिल गट आरएनएला तोडतो तोच त्याला आणखी हायड्रोजन बंध जोडू देतो आणि काही वेळा रासायनिक क्रियेत भागही घेतो.

रायबोसोममध्ये तर ही गोष्ट टोकाला जाते. दोन अमिनो आम्लांमधला बंध जेथे जुळतो ती जागा प्रामुख्याने आरएनएने बनलेली आहे, हे २००० साली त्याच्या त्रिमिती रचनेवरून दिसले. म्हणजे सर्व सजीवांची सर्व प्रथिने घडवणारे यंत्र मुळात आरएनएचे विकर आहे. या रचनांसाठी वेंकटरमण रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना २००९ चे नोबेल मिळाले. आरएनए विकरासारखे काम करू शकतो, हे त्याआधीच थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवले होते आणि त्याबद्दल १९८९ चे नोबेल त्यांच्याकडे गेले होते.

म्हणून आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न उलटा फिरवून पाहावा असे मला वाटते. पेशी आजही डीएनएचे घटक थेट तयार करत नाही. आधी आरएनएचे न्यूक्लिओटाइड बनतात, मग एक विकर त्यांच्या रायबोजवरील ऑक्सिजन काढून टाकते. थायमिनसुद्धा युरॅसिलवर शेवटच्या टप्प्यात मिथिल गट चढवून मिळते. एटीपी हा पेशीतील ऊर्जेचा वाहकही आरएनएचाच एक न्यूक्लिओटाइड आहे. आरएनए आधीचा आणि डीएनए ही त्याची नंतर घडवलेली टिकाऊ आवृत्ती, असे बहुतेक संशोधकांचे मत आहे. ते मान्य केले तर आरएनए का ठेवला हा प्रश्न राहत नाही. डीएनए का घडवावा लागला एवढाच उरतो, आणि त्याचे उत्तर वर आले आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. वरील चर्चेतल्या दोन गोष्टी आमच्या रोजच्या कामात दिसतात, म्हणून जोडतो.

डीएनए काढताना आम्ही स्वच्छता पाळतो. आरएनए काढताना मात्र धास्ती बाळगतो. कारण केवळ त्याची रासायनिक घडण नाही. आपल्या घामात, त्वचेवर, टेबलावरील धुळीत आरएनए तोडणारी रायबोन्यूक्लिएज विकरे असतात आणि ती विलक्षण चिवट असतात. त्यांपैकी काही उकळून थंड केली तरी पुन्हा घडी घालून कामाला लागतात. उघड्या हाताने नळीच्या तोंडाला स्पर्श झाला तरी नमुना गेलाच म्हणून समजावे. कोविडच्या तपासणीतही विषाणूच्या आरएनएची प्रत थेट वाढवली जात नव्हती. आधी उलट्या दिशेच्या प्रतिलेखनाने त्याचा डीएनए बनवायचा आणि मग त्या डीएनएच्या प्रती वाढवायच्या, असा तो क्रम होता.

दुसरी गोष्ट फॉलिक ॲसिडची. दुधना यांनी युरॅसिलवर मिथिल गट चढवण्याचा उल्लेख केला. तो गट पुरवण्याचे काम फोलेट (फॉलिक ॲसिडच्या गटातील जीवनसत्त्व) करते. शरीरात फोलेट कमी पडले की थायमिनचा तुटवडा पडतो, डीएनएची प्रत वेळेत पूर्ण होत नाही, पण आरएनए आणि प्रथिने तयार होतच राहतात. अस्थिमज्जेतील पेशींना सतत विभागावे लागते, त्यामुळे परिणाम तेथे आधी दिसतो: पेशी आकाराने वाढतात, विभागत मात्र नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या की आम्ही अहवालात तशी नोंद करतो आणि डॉक्टर फोलेट व बी-१२ यांची पातळी तपासायला सांगतात. गावोगाव आशाताई लोहासोबत ज्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही रसायनशास्त्र आहे. उलट बाजूने पाहिले तर कर्करोगावरील मेथोट्रेक्झेट आणि फ्लुओरोयुरॅसिल ही औषधे थायमिन तयार होण्याचा हाच टप्पा रोखतात.

सरकी (जालना)

मंडळी, मी शेतकरी आहे, बी.एस्सी. अर्धवट सुटले. चर्चा चांगली चालली आहे म्हणून विचारतो. बीटी कपाशीत जीवाणूचे जनुक घातले म्हणतात. जीवाणूचा डीएनए कपाशीला वाचता कसा येतो? आणि आम्ही जनावरांना सरकीची पेंड घालतो, तेव्हा ते जनुक जनावराच्या पोटात जाऊन काय करते?

दुधना (परभणी)

दादा, जीवाणू, कपाशी आणि माणूस या तिघांच्याही पेशींत तीन आम्लारींचा एक संकेत एकाच अमिनो आम्लासाठी वापरला जातो. किरकोळ अपवाद वगळता ही संकेतावली सर्वत्र एक आहे. एकूण ६४ संकेत, त्यांपैकी ६१ अमिनो आम्लांचे आणि ३ थांबण्याचे. हे संकेत उलगडण्याच्या कामाबद्दल हरगोविंद खुराना, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे नोबेल मिळाले होते.

तरीही बॅसिलस थुरिंजिएन्सिस (‘बीटी’ म्हणजे हाच जीवाणू) याचे मूळ जनुक जसेच्या तसे वनस्पतीत घातले तेव्हा प्रथिन फारच थोडे तयार झाले. त्या जनुकात ॲडेनिन आणि थायमिन यांचे प्रमाण जास्त आहे. वनस्पतीच्या पेशीत असा संदेश अध्येमध्ये तोडला जातो आणि त्यातले काही संकेत वनस्पती क्वचितच वापरते. एका अमिनो आम्लाला अनेक संकेत असू शकतात, या सोयीचा फायदा घेऊन संशोधकांनी प्रथिन जवळजवळ तेच ठेवून जनुकाची अक्षरे बदलली, तेव्हा काही रोपांत प्रथिनाचे प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढले. त्याच्या पुढे वनस्पतीला समजेल असा प्रारंभदर्शक क्रमही जोडावा लागतो, कारण कोठून वाचायला सुरुवात करायची ही खूण जीवाणूची वेगळी आणि वनस्पतीची वेगळी असते. भारतात अशा कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली.

पेंडीबद्दल बोलायचे तर, बीटी असो वा साधी, प्रत्येक पेंडीत कपाशीच्या हजारो जनुकांचा डीएनए थोडाफार असतोच, तसा तो कडब्यातही असतो. पचनसंस्थेतील विकरे डीएनए कोणाचा आहे हे पाहत नाहीत. त्याचे तुकडे करत शेवटी न्यूक्लिओटाइड आणि त्यांचे घटक उरतात. गाय-म्हशीसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांत तर याला विशेष महत्त्व आहे. त्यांच्या पहिल्या पोटात जीवाणू प्रचंड वाढतात आणि पुढे तेच जीवाणू पचवले जातात. झपाट्याने वाढणाऱ्या जीवाणूत रायबोसोम खच्चून भरलेले असल्याने त्यांच्यासोबत आरएनएही भरपूर येतो, आणि त्यातला नत्र व फॉस्फरस वाया जाऊ नये म्हणून या जनावरांच्या स्वादुपिंडात रायबोन्यूक्लिएज मोठ्या प्रमाणात तयार होते. बालाघाट यांना ज्याची धास्ती वाटते, त्या कुळातले सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले विकर गुरांच्या स्वादुपिंडातूनच मिळवलेले आहे.